गहू नको, साखर नको. पण बिस्किट हवे!

"डॉक्टर, चहाबरोबर नाचणीचे बिस्किट चालेल ना? त्यात गहू नाही, साखरही नाही, फक्त गूळ आहे." हा प्रश्न अलीकडे आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी कानावर पडतो. विचारणाऱ्याच्या पिशवीत बहुधा ते पाकीट असतेच, नाहीतर बचत गटाच्या प्रदर्शनातून आणलेला डबा असतो. 2023 हे वर्ष भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले आणि तेव्हापासून नाचणी, ज्वारी, बाजरी, वरी यांना मोठ्या दुकानांतही मानाची जागा मिळू लागली. आपल्या रायगडच्या डोंगरउतारांवर पिढ्यान्‌पिढ्या पिकणाऱ्या आणि 'गरिबाची भाकरी' म्हणून हिणवल्या गेलेल्या नाचणीला हे दिवस आले, याचा आनंदच आहे.

मात्र वरच्या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर देता येत नाही. गहू आणि साखर नसलेले बिस्किट मागणारे लोक मुख्यतः दोन प्रकारचे असतात. काहींना गव्हाचा कणसुद्धा चालत नाही. साखर त्यांना चालते. दुसऱ्यांना गव्हाचे वावडे नसते, पण साखर जपून खायची असते. हे दोन्ही गट एकच पाकीट उचलतात आणि बऱ्याच वेळा दोघांचीही त्यात फसगत होते. म्हणून आपण कोणत्या गटात आहोत, हे वाचकांनी आधी ठरवावे आणि मगच बिस्किटाकडे वळावे.

पहिला गट संख्येने लहान, पण त्याचा प्रश्न मोठा आहे. गव्हामध्ये 'ग्लुटेन' नावाचे प्रथिन असते. कणीक भिजवल्यावर तिला जो चिवटपणा येतो, पोळी लाटताना ताणली जाते तरी तुटत नाही, ती या ग्लुटेनची करामत. जव म्हणजे सातू आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिने असतात. काही माणसांच्या शरीराला हे प्रथिन शत्रू वाटते. ते पोटात गेले की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीच्या लवेसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांतूनच अन्नरस शोषला जातो. ही लव झडून जाते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. या विकाराला 'सिलिअ‍ॅक डिसीज' म्हणतात.

भारतात झालेल्या पाहणीत याचे प्रमाण उत्तरेकडे साधारण शंभरात एक आणि दक्षिणेकडे सुमारे हजारात एक असे आढळले आहे. आपला कोकण भात खाणारा, त्यामुळे इथे हा आजार फारसा कोणाच्या डोक्यात येत नाही. पण नवीन पनवेल, खांदा कॉलनी ही सिडकोने वसवलेली गावे आहेत. इथे देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून माणसे येऊन राहिली आहेत, आणि मूळ कोकणातल्या घरांतही आता दोन्ही वेळा पोळी असते, सकाळी पाव आणि चार वाजता खारी-टोस्ट असतो. तेव्हा हा आजार 'आपल्याकडचा नाही' असे म्हणून चालणार नाही.

तो ओळखायचा कसा? मुलाचे पोट फुगलेले, हातपाय काडीसारखे, वारंवार पातळ आणि दुर्गंधीयुक्त शौच, वजन आणि उंची वाढत नाही, चिडचिड होते, ही पुस्तकातली लक्षणे झाली. पण पुष्कळांना जुलाब मुळीच होत नाहीत. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन वर न येणे, एवढेच लक्षण मोठ्या माणसात दिसू शकते. आपल्याकडे रक्तक्षय इतका सर्रास आढळतो की 'हिरव्या पालेभाज्या खा' म्हणून विषय संपतो. जंताचे औषध दिले, गोळ्या नियमित घेतल्या, पाळीचा रक्तस्राव वगैरे इतर कारणे तपासली, तरीही रक्त वाढत नसेल, तर या आजाराचा विचार डॉक्टरांनी आणि रुग्णानेही करायला हवा.

आता एक सूचना, आणि या लेखातली हीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संशय आला म्हणून घरच्या घरी गहू बंद करू नका! या आजारासाठी 'टी.टी.जी.' नावाची रक्ततपासणी असते आणि ती सदोष आली तर बहुतेक वेळा दुर्बिणीने आतड्याचा लहानसा तुकडा काढून तपासतात. या दोन्ही तपासण्या रुग्ण गहू खात असतानाच खऱ्या उत्तर देतात. आधीच गहू सोडला असेल तर रक्तातली प्रतिद्रव्ये कमी होतात, आतडे भरून येऊ लागते आणि तपासणी निर्दोष येते. मग आजार आहे की नाही हे कळण्यासाठी पुन्हा काही आठवडे गहू खायला घालावा लागतो. बरे वाटू लागलेल्या मुलाला पुन्हा आजारी पाडायला कोणती आई तयार होईल? म्हणून आधी तपासणी, मग पथ्य. निदान पक्के झाले तर रुग्णाच्या आईवडिलांची व भावंडांचीही रक्ततपासणी करून घ्यावी, कारण जवळच्या नात्यात हा आजार जास्त आढळतो. टाइप 1 मधुमेह असलेल्या, म्हणजे लहानपणापासून इन्सुलिनवर असलेल्या मुलांमध्येही त्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते. अशा मुलाला मात्र गहू आणि साखर ही दोन्ही पथ्ये एकदम सांभाळावी लागतात.

गव्हाचा हा गुन्हा उघडकीस कसा आला, ही कथाही मनोरंजक आहे. 1924 साली अमेरिकेत डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना भरपूर केळी देऊन बरे केले. सर्वांना वाटले, केळ्यातच काही जादू आहे. प्रत्यक्षात त्या आहारात पाव नव्हता! हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धाच्या अखेरीस, त्या देशात भीषण दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. इतर मुले खंगत असताना सिलिअ‍ॅकची मुले मात्र सुधारली, आणि पाव परत येताच पुन्हा बिघडली. डिके यांनी आपला प्रबंध 1950 मध्ये सादर केला.

या आजारावर आजही खात्रीचे असे औषध नाही. गहू, सातू, राय आयुष्यभर बंद, हाच उपचार. तो पाळला तर आतडे भरून येते, मूल झपाट्याने वाढीला लागते. न पाळला तर रक्तक्षय, ठिसूळ हाडे, खुंटलेली उंची, स्त्रियांमध्ये वंध्यत्व, क्वचित आतड्याचा कर्करोग असे पुढचे प्रश्न उभे राहतात.

एकाने काय होते?

पथ्य मोडते ते बहुधा प्रेमामुळे. "एकानं काय होतंय गं, खाऊ दे पोराला," असे आजी म्हणते, आत्या म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात. एकाने काय होते याचा हिशेबच पाहू. मैद्याच्या एका लहान बिस्किटात साधारण पाच ग्रॅम मैदा धरला, तर त्यात अंदाजे अर्धा ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅम ग्लुटेन असते. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन काही आठवडे पोटात गेले तरी आतड्याला इजा होते, असे अभ्यासात दिसून आले आहे. म्हणजे रोज बिस्किटाचा दहावा भाग पुरेसा झाला. पोट दुखले नाही, जुलाब झाले नाहीत, म्हणून इजा झाली नाही असेही समजू नये.

गहू कोणकोणत्या वेषात येतो हे घरातल्या सर्वांना पाठ हवे. रवा, मैदा, कणीक, दलिया, शेवया हे उघड आहेत. गणपतीच्या किंवा सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा रव्याचा असतो. अशा घरी मुलासाठी वरीचा किंवा तांदळाच्या रव्याचा प्रसाद वेगळ्या भांड्यात करून ठेवावा, देव रागावत नाही. सातूच्या पिठात सातू किंवा गहू असतोच. दुधात घालायच्या बऱ्याच 'माल्ट' पेयांत सातू असतो. फोडणीचा बांधणी हिंग बहुधा गव्हाच्या पिठात मिसळलेला असतो. आणि खपली गहू! 'हा जुना गहू, याने त्रास होत नाही,' असे सांगून तो विकला जातो. खपली हा गहूच आहे आणि त्यात ग्लुटेन आहे. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला तो वर्ज्य.

आता नाचणीच्या बिस्किटाच्या त्या पाकिटाकडे पाहू. पुढच्या बाजूला नाचणीचे कणीस असते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत घटकांची यादी असते आणि ज्याचे वजन जास्त तो घटक आधी, असा नियम आहे. बऱ्याच पाकिटांवर पहिले नाव मैद्याचे किंवा गव्हाच्या पिठाचे निघते, नाचणी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाने 'ग्लुटेन-फ्री' असे स्पष्ट छापलेलेच पाकीट घ्यावे. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांनुसार अशा पदार्थात एका किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असता कामा नये. निव्वळ 'मिलेट', 'मल्टीग्रेन', 'आरोग्यदायी' या शब्दांना त्या दृष्टीने काही अर्थ नाही.

घरी केले तरी एक मोठी फट राहते, ती पिठाच्या गिरणीची. गव्हाच्या मागोमाग त्याच जात्यात आपली नाचणी पडली की गहू तिच्यात उतरलाच. बेकरीचेही तसेच. दिवाळीच्या आधी तूप, साखर, पीठ घेऊन नानकटाई भाजायला बेकरीत जायचे, पत्र्याच्या ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी लावायची, ही गंमत आमच्या पिढीने भरपूर अनुभवली. पण तिथल्या हवेतसुद्धा मैदा असतो. तेव्हा सिलिअ‍ॅकच्या घरी धान्य अखंड आणावे, त्यात गव्हाचा दाणा नाही ना हे निवडून पाहावे, धुऊन वाळवावे आणि घरच्याच मिक्सरमध्ये किंवा गहू कधीच न दळलेल्या घरघंटीत दळावे. पिठाची चाळणी, पोळपाट-लाटणे व पिठाचा डबा वेगळा ठेवावा. चाळणी कितीही धुतली तरी तिच्या जाळीत पीठ अडकून राहते.

दुसऱ्या गटाकडे, म्हणजे मधुमेहींकडे वळताना हे सगळे सोवळे बाजूला ठेवावे. मधुमेह्याला सिलिअ‍ॅक नसेल तर गव्हाची भीती बाळगण्याचे कारण नाही. त्याचा हिशेब वेगळा आहे आणि तो कितीतरी जास्त लोकांचा आहे. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींचा अंदाज 10 कोटींच्या वर निघाला, आणि प्रमाण सर्वांत जास्त आढळले ते आपल्या शेजारच्या गोव्यात, शंभरात 26.

या मंडळींचा गुळावर फार विश्वास! साखर 'पांढरे विष' आणि गूळ म्हणजे औषध, अशी समजूत घट्ट बसली आहे. 100 ग्रॅम साखरेतून सुमारे 400 उष्मांक मिळतात, तेवढ्याच गुळातून 350 ते 380. दोन्ही उसाच्या रसाचेच. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते आणि जवळपास सारखीच वाढते. गूळ पिवळा की काळा, सेंद्रिय की साधा, यानेही या बाबतीत फरक पडत नाही. गुळात लोह असते हे खरे, पण एका बिस्किटात गूळ पडतो तीन-चार ग्रॅम; त्यातून मिळणारे लोह फार तर पाव मिलिग्रॅम. प्रौढ स्त्रीची रोजची गरज 29 मिलिग्रॅम मानली आहे. लोहासाठी गूळ खायचा म्हटले तर आधी मधुमेह होईल! मध आणि खजूर यांचेही तेच. खजुराच्या वजनाचा जवळजवळ दोनतृतीयांश भाग साखरच असतो. चोथा असल्याने तो थोडा बरा, इतकेच.

नाचणीचे गुण मात्र खरे आहेत. 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे गव्हाच्या कितीतरी पट, आणि चोथाही भरपूर असतो. तरीही तिच्यात 65-70 ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतात हे विसरू नये. बारीक दळलेल्या नाचणीची पातळ पेज साखर चांगलीच वाढवते. जाडसर पिठाची भाकरी, सोबत उसळ आणि पालेभाजी, ही तिची मधुमेह्यासाठी योग्य जागा.

'शुगर-फ्री' बिस्किटांबद्दलही दोन शब्द. त्यांत साखर नसली तरी मैदा आणि तूप किंवा तेल असतेच. गोडीसाठी अनेकदा 'माल्टिटॉल' घालतात. त्यात साखरेच्या निम्म्याच्या आसपास उष्मांक असतात आणि जास्त खाल्ल्यास पोट बिघडते. घरी भाजताना 'अ‍ॅस्पार्टेम'ची पूड वापरून उपयोग नाही, उष्णतेने तिची गोडी नाहीशी होते.

आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांना घाम सुटून, हातपाय कापून साखर एकदम उतरली, तर बिस्किट शोधत बसू नये. त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून लगेच द्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखान्यात न्यावे.

घरी कशी करावीत?

पाव गव्हाशिवाय फुगवणे अवघड, कारण त्यातली हवा ग्लुटेनच धरून ठेवते. बिस्किटाला या चिवटपणाची गरज नसते. नानकटाई खुसखुशीत व्हावी म्हणून पीठ फार मळू नये असे सांगतात, ते ग्लुटेन तयार होऊ नये म्हणूनच. गहू नसलेल्या पिठाची अडचण एवढीच की ते भुरभुरते. तांदळाची भाकरी करताना आपल्या बायका पिठाची उकड काढतात, ती याच अडचणीवरची तोड. अनारसे, पातोळ्या, उकडीचे मोदक करणाऱ्या कोकणाला गव्हाशिवाय गोड कसे करावे हे कोणी शिकवायला नको.

नाचणीचे पीठ 100 ग्रॅम, तांदळाची पिठी 50 ग्रॅम, हरभऱ्याच्या डाळीचे पीठ 50 ग्रॅम, साजूक तूप 90 ग्रॅम, बारीक किसलेला गूळ 80 ग्रॅम, पाव चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलची-जायफळ. नाचणीचे पीठ आधी मंद आचेवर सात-आठ मिनिटे कोरडे भाजून थंड करावे, म्हणजे कच्चट वास जातो. तूप आणि गूळ हलके होईपर्यंत फेसावे, मग पिठे, सोडा, मीठ मिसळावे. गोळा होत नसेल तर एक-दोन चमचे दूध, किंवा तांदळाच्या पिठीची चमचाभर उकड घालावी. गोळा वीस मिनिटे झाकून ठेवावा; नाचणी ओलावा शोषून घेते आणि दाताखाली रेतीसारखी लागत नाही. त्याची लहान 24 बिस्किटे थापावीत.

ओव्हन 160 अंश सेल्सिअसवर ठेवून 16 ते 18 मिनिटे पुरतात. गूळ साखरेपेक्षा लवकर करपतो, म्हणून आच जास्त नको. ओव्हन नसेल तर कुकरच्या तळाशी मिठाचा थर घालून, पाणी न घालता, रिंग आणि शिटी काढून तो दहा मिनिटे तापवावा. मग आत जाळी ठेवून तीवर सहा-सहा बिस्किटांची ताटली ठेवावी आणि मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे भाजावे. नाचणी मुळातच तपकिरी असल्याने रंगावरून भाजल्याचे कळत नाही. कडा घट्ट झाली की बाहेर काढावे. तेव्हा ती मऊच लागतात, पण गार होताना कडक होतात. मऊ आहेत म्हणून पुन्हा भाजायला घातली की हमखास करपतात. पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात भरावीत, कारण गूळ हवेतला ओलावा ओढतो. पावसाळ्यात चार-पाच दिवसांपुरतीच करावीत.

यातल्या एका बिस्किटात सुमारे 75 उष्मांक आणि साडेआठ ग्रॅम पिष्ट व शर्करा येते. सिलिअ‍ॅक असलेल्या वाढत्या मुलाने चार खाल्ली तरी हरकत नाही, त्याला उष्मांक हवेच असतात. मधुमेह्याने गूळ निम्मा करून, चहात साखर न घालता एक, फार तर दोन खावीत. दोन खाल्ल्यास रात्रीची एक पोळी किंवा भाकरी कमी करावी. घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्यापूर्वी एकदा आणि दोन तासांनी एकदा साखर मोजून वहीत लिहावी, आणि ती वही पुढच्या तपासणीला बरोबर आणावी.